गुण, गती आणि गरज



भाषेच्या अभ्यासकाने संगणकाविषयी बोलावे, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटेल. परंतु आजचा विषय एका शब्दापासूनच सुरू होतो. संगणकाच्या जाहिरातीत ज्याचे आकडे ठळक छापलेले असतात, त्या ‘बेंचमार्क’ या शब्दाचे मूळ भूमापनात आहे. मोजणी करणारे दगडावर एक आडवी रेघ कोरून ठेवीत आणि तिच्या आधाराने पुढील उंची मोजीत. त्या खुणेवरून गावाची समुद्रसपाटीपासूनची उंची कळते. गावच्या विहिरीचे पाणी गोडे की मचूळ, हे कळत नाही. संगणकाच्या गुणांकाचेही असेच आहे.

१९७२ साली इंग्लंडमध्ये ‘व्हेटस्टोन’ ही चाचणी तयार झाली. तिचा भर वैज्ञानिक आकडेमोडीवर होता. १९८४ मध्ये राइनहोल्ड वाइकर यांनी ‘ड्रायस्टोन’ आणली. तिचा भर पूर्णांक आणि अक्षरमालिका हाताळण्यावर होता. नावातील ओल्या-कोरड्याची कोटी रसिकांच्या ध्यानी आलीच असेल. दोन्ही चाचण्या प्रामाणिक होत्या. पण दोन प्रश्नपत्रिका वेगळ्या, म्हणून निकालही वेगळे.

आणि जेथे परीक्षा आली तेथे घोकंपट्टीही आली. १९८८ साली स्थापन झालेल्या ‘स्पेक’ या संस्थेच्या पहिल्या चाचणीसंचात ‘मॅट्रिक्स ३००’ नावाचा एक प्रश्न होता. प्रोग्रामचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या साधनांनी त्या एका प्रश्नाची अशी युक्ती साधली की त्याचे गुण भरमसाट फुगले. अखेर १९९२ च्या संचातून तो वगळावा लागला. पुढे २०१३ आणि २०१८ साली काही भ्रमणध्वनी चाचणीचे नाव ओळखून तेवढ्यापुरते अधिक वेगाने धावतात, असे उघडकीस आले. ‘थ्रीडीमार्क’ या चाचणीच्या यादीतून त्यांची नावे काढण्यात आली.

समजा, गुण खरे आहेत. तरीही ते आपल्या हाती पडतातच असे नाही. जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ साली मांडलेला विचार येथे उपयोगी पडतो. एखाद्या कामास १० सेकंद लागतात. त्यांतील २ सेकंद प्रोसेसरचे आणि ८ सेकंद इंटरनेटवरून मजकूर येण्याची वाट पाहण्याचे. प्रोसेसर दुप्पट वेगाचा घेतला, तरी काम ९ सेकंदांचेच राहते. किंमत मात्र बरीच वाढलेली असते!

म्हणून गुणांक निरर्थक आहेत असे मी म्हणणार नाही. चित्रफितींचे संपादन, इमारतींचे त्रिमितीय आराखडे, मोठी वैज्ञानिक गणिते करणाऱ्याने ते अवश्य पाहावेत. मात्र चाचणीतील काम आपल्या कामासारखे आहे ना, हे आधी पाहावे. निबंध लिहिणे, हिशेब ठेवणे, पाठ पाहणे एवढ्यासाठी आजचा सामान्य प्रोसेसर पुरेसा असतो. तेथे अडचण येते ती रॅम अपुरी पडल्यामुळे किंवा जुन्या फिरत्या हार्डडिस्कमुळे. पैसा तेथे खर्चावा.

आपल्या सीमाभागातील मुलाची गरज तर कोणत्याच आकड्यात दिसत नाही. त्याला मराठी, कन्नड आणि इंग्रजी लिहायचे असते. भारतीय भाषांसाठी ठरविलेल्या ‘इन्स्क्रिप्ट’ कळरचनेत देवनागरी ‘क’ ज्या कळीवर, तिच्यावरच कन्नड ‘क’ आहे. ही एक रचना हाताखाली बसली की मूल दोन्ही लिपींत लिहू लागते. यासाठी महागडे यंत्र लागत नाही. शिकविणारा शिक्षक आणि सरावासाठी मोकळी खुर्ची लागते.

शाळेच्या चालकांना आणि पालकांना माझी एवढीच विनंती आहे. दुकानात जाण्यापूर्वी आपली कामे कागदावर लिहून काढा आणि तीच त्या यंत्रावर करून पाहा. एक अक्षर उमटायला वेळ लागतो का, चार कार्यक्रम एकदम उघडले तर यंत्र अडखळते का, हे आपल्या डोळ्यांना दिसेल. दहा देखण्या गुणांकांच्या यंत्रांऐवजी पंधरा साधी यंत्रे आली, तर आणखी पाच मुलांना आपली पाळी येण्याची वाट पाहावी लागणार नाही. देणगीदारांनी घामाचा पैसा दिला आहे, तो या मुलांसाठी.

ज्या गुरुवर्यांच्या स्मृतीस हे व्याख्यान वाहिले आहे, त्यांनी विद्यार्थ्याला गुणपत्रिकेवरून कधी जोखले नाही. यंत्रे निवडतानाही आपण तोच विवेक राखावा.