वार्धक्याचा भार कोणी वाहावा?



आपल्या पूर्वसूरींच्या काळी समाजापुढील मुख्य प्रश्न शिक्षणाचा होता. त्यांनी शिष्यवृत्त्या दिल्या, विद्यार्थ्यांची सोय केली. त्या पुण्याईवर मुले शिकली, शहरांत गेली, कित्येक परदेशी स्थायिक झाली. त्या यशाचेच दुसरे अंग म्हणजे आज घरोघरी मागे राहिलेली वृद्ध मातापितरे होत. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील सुमारे १० टक्के लोक साठीपुढचे होते. आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे राज्यात दर स्त्रीमागे सरासरी १.७ अपत्ये, हे प्रमाण होते. वृद्ध वाढणार आणि आधाराचे हात घटणार, हाच याचा अर्थ.

अशा समयी राज्यसंस्थेने काय करावे, हे जपानकडे पाहून शिकावे. पासष्टीपुढील लोकांचे प्रमाण ७ टक्क्यांवरून १४ टक्क्यांवर जाण्यास फ्रान्सला शतकाहून अधिक काळ लागला; जपानात ते १९७० ते १९९४ या अवघ्या २४ वर्षांत घडले. तेथेही सासूसासऱ्यांची शुश्रूषा हा सुनेचा धर्म मानला जाई. १९७३ मध्ये सरकारने सत्तरीपुढील नागरिकांस औषधोपचार मोफत केले. परंतु घरी पाहणारे कोणी नाही, म्हणून उपचारांची गरज सरलेले वृद्धही रुग्णालयांतच राहू लागले. खर्च असह्य होऊन १९८३ मध्ये ती सवलत आवरती घ्यावी लागली. औषधोपचार ही एक गोष्ट आणि नित्याची शुश्रूषा ही दुसरी, हा बोध त्यातून झाला.

यास्तव १९९७ मध्ये कायदा होऊन २००० सालापासून तेथे शुश्रूषेचा विमा सुरू झाला. चाळिशीपासून पुढे प्रत्येकाने हप्ता भरावयाचा. तितकाच भार सरकारने करांतून उचलावयाचा. व्यवस्था स्थानिक नगरपालिकेने पाहावयाची. वृद्धाची गरज घरी येऊन तपासली जाते आणि त्याप्रमाणे स्नान घालणारी सेविका, दिवसाचे विश्रामकेंद्र इत्यादी सेवा मिळतात. मुलगा-सून आहेत, एवढ्यावरून कोणास परत धाडले जात नाही. जर्मनीने १९९५ मध्ये अशीच योजना आणताना घरच्यांना रोख रकमेचा पर्याय दिला होता. रोख मिळाली की सून पुन्हा खाटेपाशीच बांधली जाईल, असा आक्षेप जपानी स्त्रियांनी घेतला, आणि तेथे सेवाच देण्याचे ठरले. या योजनेतही अडचणी आहेत. हप्ते वाढत गेले, सेवकांची उणीव भासते. तथापि शुश्रूषा ही दया नसून हक्क आहे, हे तत्त्व तेथे रुजले.

आपल्याकडे २००७ च्या कायद्याने मातापितरांचा निर्वाह मुलांवर बंधनकारक केला. निराधार वृद्धांसाठी राज्यात श्रावणबाळाच्या नावाची योजना आहे. तिचे मासिक साहाय्य २०२३ मध्ये १००० वरून १५०० रुपये करण्यात आले. दोन्ही गोष्टी इष्टच आहेत. परंतु कायदा परगावच्या मुलाकडून पैसा आणवील. रात्री पाणी देणारा हात आणू शकणार नाही. आणि श्रावणाची कावड घराघरांत प्रत्यक्षात कोणाच्या खांद्यावर आहे, हे येथे बसलेल्या भगिनींना सांगावयास नको.

ज्ञातिसंस्थेने यात काय करावे? आमच्या मते, दोन गोष्टी. आपल्या सभासदांतील एकाकी वृद्धांची यादी करून आठवड्यातून एकदा कोणी तरी त्यांच्या दारी जावे, हे आपल्या आवाक्यातील कार्य आहे. परंतु अंथरुणास खिळलेल्याची वर्षानुवर्षांची सेवा देणगीच्या निधीवर चालणार नाही. शिवाय ज्यास ज्ञातिसंस्थेचा आधारच नाही, त्या शेजारच्या वृद्धाने कोठे जावे? म्हणून प्रशिक्षित सेविका आणि दिवसाची केंद्रे प्रत्येक नगरपालिकेने चालवावीत, ही मागणी आपण इतर संस्थांच्या जोडीने शासनाकडे करावी. आपल्या मुलांसाठी पूर्वजांनी जी दूरदृष्टी दाखविली, तीच आज त्यांच्या मातापितरांसाठी दाखविणे, हे आपले कर्तव्य होय.