विषास्त्रबंदी : व्याख्या, कायदा आणि राष्ट्राची जागरूकता



बॉलपेनच्या शाईत आणि कापडाच्या छपाईत थायोडायग्लायकॉल नावाचे एक रसायन वापरले जाते. याच रसायनापासून मस्टर्ड वायूही बनविता येतो. कातडी भाजून काढणारा, डोळे घालविणारा, फुप्फुसे जाळणारा. फॉस्जीन पहिल्या महायुद्धात हजारोंचा काळ ठरला, पण प्लॅस्टिक व कीटकनाशकांच्या उद्योगाला तो आजही लागतो. क्लोरीनने नळाचे पाणी शुद्ध होते, आणि युद्धभूमीवर मोठ्या प्रमाणावर सोडला गेलेला पहिला प्राणघातक वायूही क्लोरीनच होता. 'रासायनिक अस्त्रांवर बंदी' असे म्हणणे सोपे आहे. ती बंदी नेमकी कशावर घालायची, हा प्रश्न मात्र कायदेपंडितांना जवळजवळ शंभर वर्षे छळत राहिला. आजचा विषय तोच आहे.

विषाने शत्रूला मारू नये, ही भावना जगात जुनी आहे. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात राजधर्म सांगताना विष माखलेली शस्त्रे रणात वापरू नयेत, असा स्पष्ट निषेध आहे. त्याच भूमीत कौटिल्याने आपल्या अर्थशास्त्राच्या चौदाव्या अधिकरणात शत्रूनाशासाठी विषारी धुराचे प्रयोगही लिहून ठेवले. परंपरेचा अभिमान बाळगताना ही दुसरी बाजू झाकून ठेवण्याचे कारण नाही. नियम आणि नियमभंगाचा मोह एकाच समाजात शेजारी शेजारी नांदतात, एवढाच त्याचा अर्थ. म्हणूनच नीतीला कायद्याची, आणि कायद्याला काटेकोर शब्दांची जोड लागते.

शब्द सैल राहिले म्हणजे काय होते, याचा धडा युरोपने लवकरच घेतला. १८९९ साली हेग येथे राष्ट्रांनी एक घोषणा केली. गुदमरविणारे वा अपायकारक वायू पसरविणे हाच ज्यांचा एकमेव उद्देश आहे, असे तोफगोळे वापरायचे नाहीत, असे त्यात ठरले. १९०७ च्या नियमांनी विष व विषारी शस्त्रेही निषिद्ध ठरविली. पण २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधील ईप्र येथे जर्मन सैन्याने दीडशे टनांहून अधिक क्लोरीन वाऱ्यावर सोडला, तो तोफगोळ्यांतून नव्हे, तर जमिनीत पुरलेल्या सिलिंडरांतून! घोषणेत 'तोफगोळे' असा शब्द होता, 'सिलिंडर' नव्हता. पळवाट काढणाऱ्याला तेवढे पुरे झाले. या कामावर देखरेख करणारा शास्त्रज्ञ फ्रिट्झ हाबर. हवेतल्या नत्रापासून अमोनिया बनविण्याची त्याची पद्धत आज जगाला खत पुरवते. एकाच बुद्धीने अन्नही दिले आणि विषही दिले.

या विषाची झळ भारतीयांनाही लागली. ईप्रच्याच लढाईत २६ एप्रिल १९१५ रोजी लाहोर डिव्हिजनचे भारतीय जवान प्रतिहल्ल्यात उतरले, तेव्हा त्यांच्यावरही वायू आला. पुरेसे मुखवटेही त्या दिवशी कोणाजवळ नव्हते. तशा स्थितीत जखमी अधिकाऱ्यांना उचलून आणणाऱ्या जमादार मीर दस्त यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. युद्ध संपेपर्यंत विषारी वायूंनी सुमारे ९० हजार सैनिकांचा बळी घेतला.

या अनुभवानंतर १७ जून १९२५ रोजी जिनिव्हा प्रोटोकॉल झाला. त्याने विषारी वायू, तशाच प्रकारचे द्रव व पदार्थ, आणि जोडीला रोगजंतूंचा युद्धातील वापर निषिद्ध ठरविला. पण बंदी होती ती केवळ वापरावर. अस्त्रे बनविणे आणि साठविणे यांना ती लागू नव्हती. शिवाय 'आधी शत्रूने वापरले तर आम्हीही वापरू' अशी अट अनेक राष्ट्रांनी जोडून ठेवली. तपासणी नाही, शिक्षा नाही. परिणाम व्हायचा तोच झाला. इटलीने १९३५-३६ मध्ये इथिओपियावर मस्टर्ड वायू फवारला. दोन्ही देश प्रोटोकॉलने बांधलेले असतानाही! जपानच्या 'युनिट ७३१' ने चीनमध्ये जिवंत माणसांवर रोगजंतूंचे प्रयोग केले. इराकने इराणविरुद्धच्या युद्धात हीच अस्त्रे वापरली, आणि १६ मार्च १९८८ रोजी हलब्जा या कुर्द गावात आपल्याच सुमारे पाच हजार नागरिकांना ठार केले.

जैविक अस्त्रांच्या बाबतीत जगाने पुढचे पाऊल १९७२ साली टाकले. १९७५ मध्ये अमलात आलेल्या जैविक अस्त्र कराराने विकास, उत्पादन आणि साठा या सर्वांवर बंदी घातली. त्याची व्याख्या लक्षात घेण्याजोगी आहे. जंतूंची यादी करण्याऐवजी करार असे सांगतो की, रोगप्रतिबंध, संरक्षण वा अन्य शांततामय कारणासाठी ज्यांचे समर्थन करता येणार नाही, अशा प्रकारचे व अशा प्रमाणातील जंतू वा जैविक विषे बाळगायची नाहीत. ही व्याख्या किती आवश्यक आहे, ते महाराष्ट्राला वेगळे सांगायला नको. मुंबईच्या हाफकिन संस्थेत सापाच्या विषापासून प्रतिविष तयार करण्याची परंपरा आहे. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतील सर्वोच्च सुरक्षा दर्जाच्या प्रयोगशाळेत अत्यंत घातक विषाणूंचा अभ्यास होतो. नुसत्या यादीवर बोट ठेवले असते, तर प्राण वाचविणाऱ्या या संस्थाच गुन्हेगार ठरल्या असत्या.

परंतु या करारात एक मोठी उणीव राहिली. करार पाळला जातो की नाही, हे पाहणारी यंत्रणाच नाही. सोव्हिएत संघ हा कराराच्या मूळ पुरस्कर्त्यांपैकी एक. त्याच्याच स्वेर्दलोव्स्क शहरातील लष्करी केंद्रातून १९७९ मध्ये अँथ्रॅक्सचे जंतू हवेत निसटले आणि साठाहून अधिक माणसे दगावली. वर्षानुवर्षे दूषित मांसाकडे बोट दाखविले गेले. सोव्हिएत संघ कोसळल्यानंतर, १९९२ मध्ये बोरिस येल्त्सिन यांनी सत्य कबूल केले. तपासणीची तरतूद जोडण्याच्या वाटाघाटी पुढे अनेक वर्षे चालल्या. २००१ मध्ये अमेरिकेने मसुदा नाकारला आणि त्या फिसकटल्या.

रासायनिक अस्त्र कराराने हा धडा मनावर घेतला. १३ जानेवारी १९९३ रोजी पॅरिस येथे तो स्वाक्षरीसाठी खुला झाला आणि २९ एप्रिल १९९७ पासून लागू झाला. त्याच्या व्याख्येचा कणा हेतू हा आहे. प्रत्येक विषारी रसायन व ते बनविण्यासाठी लागणारी पूर्वघटक रसायने ही अस्त्रेच होत. अपवाद फक्त निषिद्ध नसलेल्या कामांचा, म्हणजे शेती, उद्योग, वैद्यक, संशोधन यांसारख्या कामांचा, आणि तोही प्रकार व प्रमाण त्या कामाशी जुळत असेल तरच. सिद्ध करण्याचे ओझे अशा रीतीने बाळगणाऱ्याच्या खांद्यावर आले. करारासोबत तीन अनुसूची आहेत. सारिन, व्हीएक्स, मस्टर्ड पहिलीत, थायोडायग्लायकॉल दुसरीत, फॉस्जीन तिसरीत. मात्र या अनुसूची तपासणीच्या सोयीसाठी आहेत. व्याख्या त्यांच्यापुरती मर्यादित नाही. क्लोरीन कोणत्याच अनुसूचीत नाही. तरीही तो माणसांवर सोडला की अस्त्रच ठरतो. हेगच्या 'तोफगोळे' या शब्दाने जी फट ठेवली होती, ती अशी बुजविली गेली.

भारत या कराराचा आरंभापासूनचा सदस्य आहे. येथे एक अवघड गोष्टही सांगितली पाहिजे. ऑगस्ट १९९२ मध्ये भारत व पाकिस्तान यांनी रासायनिक अस्त्रे कोणत्याही परिस्थितीत न बनविण्याची संयुक्त घोषणा केली होती. त्यानंतर १९९७ मध्ये भारताने करारानुसार आपल्याजवळील १,०४४ टन साठा घोषित केला. घोषणा आणि साठा यांतील विसंगतीवर टीका झाली, आणि ती निराधार नव्हती. पण भारताने साठा लपविला नाही, आंतरराष्ट्रीय निरीक्षकांसमोर तो नष्ट केला आणि २००९ मध्ये ते काम पूर्ण केले. संसदेने २००० मध्ये रासायनिक अस्त्र करार कायदा केला. मंत्रिमंडळ सचिवालयाच्या अखत्यारीत राष्ट्रीय प्राधिकरण उभे राहिले. २००५ मध्ये सामूहिक संहाराच्या अस्त्रांविषयीचा स्वतंत्र कायदा झाला, आणि २०२२ च्या दुरुस्तीने अशा कृत्यांना पैसा पुरविणेही त्याच्या कक्षेत आले.

देशांतर्गत कायदा कशाला हवा, याचे उत्तर टोकियोत मिळते. २० मार्च १९९५ रोजी ओम शिन्रिक्यो या पंथाने तेथील भुयारी रेल्वेत सारिन सोडला. डझनाहून अधिक माणसे मेली, हजारो बाधित झाली. सारिन बनविण्यावर व बाळगण्यावर थेट बंदी घालणारा कायदा जपानने केला तो त्यानंतर, एप्रिल १९९५ मध्ये. करार राष्ट्रांना बांधतो. व्यक्तीला आणि टोळीला बांधतो तो देशाचा फौजदारी कायदा. अशी अस्त्रे दहशतवाद्यांच्या हाती पडू नयेत, यासाठी भारत २००२ पासून संयुक्त राष्ट्रांत ठराव मांडत आला आहे.

मग या कायद्याने साधले काय? घोषित केलेले ७२ हजार टनांहून अधिक रासायनिक साठे नष्ट झाले. अमेरिकेने आपला अखेरचा साठा जुलै २०२३ मध्ये संपविला. निःशस्त्रीकरणाच्या इतिहासात हे यश लहान नाही. पण सीरिया २०१३ मध्ये करारात सामील झाल्यावरही तेथे क्लोरीनचा वापर झाल्याचे निरीक्षकांना आढळले, आणि दोषी कोण हे ठरविणाऱ्या संयुक्त पथकाची मुदत २०१७ मध्ये रशियाच्या नकाराधिकाराने संपली. दुसऱ्या राष्ट्रावर संशय आल्यास तातडीची तपासणी मागण्याचे कलम करारात आहे. ते वापरण्याचे धैर्य कोणत्याही राष्ट्राने दाखविलेले नाही. व्याख्या निर्दोष असली, तरी तिच्या मागे उभी राहणारी इच्छाशक्ती तोकडी पडते.

हेतू हाच कायद्याचा कणा असेल, तर हेतूवर लक्ष ठेवण्याचे काम केवळ हेगमधील निरीक्षकांचे राहत नाही. ते काम तारापूर वा लोटे परशुरामच्या कारखान्यात रसायनांची नोंद ठेवणाऱ्या अधिकाऱ्याचे आहे, मोठी मागणी नोंदविणारा अनोळखी ग्राहक कोण हे विचारणाऱ्या व्यापाऱ्याचे आहे, आणि आपल्या संशोधनाचा उपयोग कोण व कशासाठी करील, हे जाणून घेणाऱ्या विद्यार्थ्याचेही आहे. पिंपातले रसायन स्वतः काहीच ठरवीत नाही. ते कोणाच्या हाती जाते, हे समाज ठरवितो. त्या समाजाची जागरूकता जिथे संपते, तिथे उत्तमातला उत्तम करारही कागदावरच राहतो.