प्लग लावण्याआधी



घरातला पंखा मंदावला की आपण सहज म्हणतो, ‘कंडेन्सर गेला असेल.’ इलेक्ट्रिशियन येतो, अडीच मायक्रोफॅरडचा नवा कंडेन्सर बसवतो आणि पंखा पुन्हा गरगरू लागतो. तेवढ्यासाठी पंखा कुणी भंगारात काढत नाही. पण चाळीस वर्षांपूर्वीचा संगणक कपाटातून काढून सुरू केला आणि दहा मिनिटांत त्यातून घशाला झोंबणारा धूर निघाला, तर तो मात्र सरळ भंगारवाल्याकडे जातो. त्यातही पुष्कळदा गेलेला असतो तो कंडेन्सरच, म्हणजे कॅपॅसिटर.

मी बोलतो आहे तो संगणक म्हणजे बीबीसी मायक्रो. इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीने तो १९८१ च्या अखेरीस बाजारात आणला. बत्तीस किलोबाइट मेमरी, घरातल्या टीव्हीलाच जोडायचा. १९८४ मध्ये आपल्याकडे शाळांसाठी ‘क्लास’ नावाचा सरकारी प्रकल्प सुरू झाला, तेव्हा शाळांमध्ये आला तो हाच. माझ्या वयाच्या कित्येकांनी पहिलं बटण दाबलं ते याच्या की-बोर्डवर. गेल्या पावसाळ्यात एका शाळेच्या अडगळीतून असा एक निघाला. चालतो का बघू, म्हणून कुणीतरी हौसेने प्लग लावला. खोलीभर धूर झाला आणि मग मला फोन आला.

धूर कुठून आला ते सांगतो. या संगणकाचा पॉवर सप्लाय घरातली २३० व्होल्टची वीज घेऊन तिचे पाच व्होल्ट करतो. त्यासाठी तो वीज सेकंदाला हजारो वेळा तोडतो आणि जोडतो. या तोडजोडीचा गोंगाट उलटा घरातल्या वायरिंगमध्ये शिरला, तर शेजारच्या रेडिओवर खरखर ऐकू येईल. तो अडवण्यासाठी फेज आणि न्यूट्रल यांच्यामध्ये एक कॅपॅसिटर बसवलेला असतो. म्हणजे रेडिओवरचं तुमच्या-माझ्यातलं हे बोलणं स्वच्छ ऐकू यावं, म्हणून तो बिचारा तिथे उभा असतो! त्याला एक्स-टू वर्गाचा कॅपॅसिटर म्हणतात.

त्या काळी हे कॅपॅसिटर धातूचा थर दिलेल्या कागदाच्या गुंडाळीचे असत, वरून पिवळसर पारदर्शक कवच. वर्षं गेली की त्या कवचाला केसासारख्या बारीक चिरा पडतात. मग पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला जसं पाणी सुटतं, तशी कागदात हवेतली ओल मुरते. कागद फुगतो, चिरा रुंदावतात. अशा ओल्या कागदावर एकदम २३० व्होल्ट आले, की आत ठिणग्या पडतात, कागद जळतो. गंमत अशी, की एवढा धूर निघूनही संगणक बहुधा शाबूत असतो, कारण जळलेला भाग फक्त गोंगाट अडवणारा होता. म्हणून सांगतो, जुनं यंत्र हाती आलं की आधी प्लग लावू नका. आधी उघडा आणि बघा.

उघडतानाही सांभाळून. आतल्या मोठ्या कॅपॅसिटरमध्ये सव्वातीनशे व्होल्ट साठलेले असतात आणि प्लग काढल्यावरही ते काही काळ तिथेच राहू शकतात. स्क्रूड्रायव्हर टेकवून ठिणगी पाडायची पद्धत मला अजिबात मान्य नाही. काही किलोओहमचा, पाच वॉटचा रेझिस्टर इन्सुलेटेड पकडीत धरून चार्ज हळूहळू उतरवावा, मग मल्टिमीटरने शून्य झाल्याची खात्री करावी. हाताला सवय नसेल, तर जुने टीव्ही दुरुस्त करणाऱ्या मेकॅनिककडे द्या. त्यात कमीपणा नाही.

बीबीसी मायक्रोच्या सप्लायमध्ये असे पिवळे दोन सापडतात, एक ०.१ मायक्रोफॅरडचा आणि एक ०.०१ चा. सोल्डर वितळवून, सकरने ओढून ते काढायचे. नवे घेताना मूल्य तेच, पायांमधलं अंतर तेच आणि अंगावर ‘एक्स-टू’ छापलेलं हवंच. साधा कॅपॅसिटर तिथे चालत नाही. एक्स-टू बिघडला तरी आग लागू नये, अशा चाचण्यांतून गेलेला असतो. आता ते पॉलिप्रॉपिलीनच्या फिल्मचे मिळतात, २७५ व्होल्टचे. त्यांत कागद नाही, म्हणून ओल मुरायचा प्रश्न नाही. लॅमिंग्टन रोडवर फार तर एका वडापावाच्या किमतीत मिळतो.

आत असताना आणखी एक बदलून टाकावा, २२० मायक्रोफॅरडचा छोटा इलेक्ट्रोलिटिक. त्यातला द्रव वर्षांनुवर्षं उष्णतेने सुकतो आणि मग सप्लाय सुरूच होत नाही. नवा १०५ अंशांचा घ्या. याला धन-ऋण बाजू असते. पट्टा असलेली बाजू ऋण. काढण्याआधी मोबाइलवर फोटो घेतलात, तर चूक होणार नाही.

शाळेतल्या त्या यंत्राला मी लगेच वीज दिली नाही. आधी पाच व्होल्टच्या तारांवर मोटारीच्या इंडिकेटरचा बल्ब लोड म्हणून लावला आणि सप्लाय सिरीज बोर्डावर घेतला, शंभर वॉटच्या जुन्या पिवळ्या बल्बमधून. आत शॉर्ट असता, तर तो बल्ब भगभगीत पेटून राहिला असता. तो क्षणभर उजळला आणि मंदावला. मीटरवर पाच व्होल्ट दिसले. मगच संगणक जोडला.

बीबीसी मायक्रो सुरू होताना दोन आवाज येतात. पहिला खर्जातला. वीज मिळताच त्याची आवाजाची चिप आपणहून गुणगुणू लागते. मग प्रोसेसर जागा होतो, तिला गप्प करतो आणि एक उंच, छोटी ‘बीप’ देतो. प्रोसेसर उठलाच नाही, तर तो खर्ज तसाच चालू राहतो. शाळेतल्या त्या खोलीत खर्ज सुरू झाला, तेव्हा कुणी बोलत नव्हतं. मग तो थांबला आणि बीप आली.