गोळ्यांची डबी कुठे ठेवायची?



मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आज माझ्या शाळेतल्या एका दोस्ताबद्दल बोलणार आहे. तो भिवंडीत लूमवर काम करतो. एका खोलीत सातजण, पाळीपाळीनं झोपणारे. त्याला पुरुष आवडतात, हे फक्त मला माहीत होतं. एचआयव्ही असल्याचंही त्यानं फक्त मलाच सांगितलं.

सरकारी एआरटी केंद्रात औषध २००४ पासून मोफत मिळतं. मग अडचण कुठे आली? केंद्र उघडं असतं तेव्हा त्याची पाळी चालू असते. खाडा झाला की मजुरी गेली. खोलीत स्वतःचं कपाट नाही. डबीतल्या गोळ्या खुळखुळतात म्हणून तो आत कापूस भरायचा. एकदा दवाखान्यात कुणीतरी सगळ्यांसमोर विचारलं, "लग्न का करत नाहीस?" त्यानंतर तो गेलाच नाही. चार महिने गोळ्या बंद. मग टीबी झाला.

मला दवाखान्याचा राग आला. पण खरं सांगतो, तोच प्रश्न त्याला मी आधी विचारला होता. "तौबा कर, निकाह कर, ठीक होशील," असंही म्हणालो होतो. त्या मुलीचं काय होईल, याचा विचारही मी केला नाही.

भीती उगाच नव्हती. २००१ मध्ये लखनौला पुरुषांमध्ये एचआयव्ही प्रतिबंधाचं काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनाच पोलिसांनी ३७७ कलमाखाली अटक केली होती. प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना त्या कलमातून सुप्रीम कोर्टानं ६ सप्टेंबर २०१८ ला वगळलं. चारच दिवसांनी एचआयव्ही कायदा लागू झाला. संमतीशिवाय तपासणी नाही, माहिती गुप्त ठेवायची, नोकरीत आणि उपचारात भेदभाव करायचा नाही, असं तो सांगतो. पण सात माणसांच्या खोलीत कायदा आपोआप पोहोचत नाही.

म्हणून एवढं लक्षात ठेवा. सरकारी केंद्रात तपासणी मोफत आहे. माहितीसाठी १०९७ वर फोन करा. धोका झाला असेल तर ७२ तासांच्या आत डॉक्टरकडे जा. संसर्ग टाळणारं औषध असतं. गोळ्या नियमित घेऊन रक्तातला विषाणू तपासणीत सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून तो दुसऱ्याला जात नाही.

दोस्त आता बरा आहे. त्याची डबी माझ्या घरी असते. पाळी संपली की येतो, जेवतो, गोळी घेतो. मी काही विचारत नाही. तुमच्याकडे असा कुणी आला, तर आधी त्याला बसायला सांगा.