लाइम रोग : जिवाणूचे आवरण आणि सांध्याचा दाह

रोगजंतू शरीरात शिरून विष सोडतात आणि त्या विषाने अवयव बिघडतात, अशी सर्वसाधारण समजूत आहे आणि घटसर्प किंवा धनुर्वात यांच्या बाबतीत ती खरीही आहे. परंतु लाइम रोगाच्या जिवाणूजवळ असे कोणतेही ज्ञात विष नसताना तो माणसाचा गुडघा महिनोन्‌महिने सुजवून ठेवतो. याचे कारण त्या जिवाणूच्या पृष्ठभागावरील प्रथिनांत आणि शरीर त्यांना देत असलेल्या प्रतिसादात शोधावे लागते.

अमेरिकेच्या कनेटिकट राज्यातील लाइम व त्याच्या आसपासच्या गावांत अनेक मुलांचे सांधे सुजत असल्याचे १९७५ साली तेथील मातांनी आरोग्य खात्याच्या ध्यानात आणून दिले. येल विद्यापीठातील अ‍ॅलन स्टीअर व त्यांच्या सहकाऱ्यांनी तपास करून १९७७ मध्ये ५१ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली आणि पुढे विली बर्गडॉर्फर यांना न्यूयॉर्क राज्यातील शेल्टर आयलंड येथील गोचिडींच्या आतड्यात मळसूत्राच्या आकाराचे जिवाणू आढळले. १९८२ मध्ये जाहीर झालेल्या या शोधामुळे त्या जिवाणूला ‘बोरेलिया बर्गडॉर्फेरी’ हे नाव मिळाले.

हा जिवाणू पसरवणारी अपरिपक्व गोचीड खसखशीच्या दाण्याएवढी असते, त्यामुळे ती त्वचेला चिकटली तरी सहसा लक्षात येत नाही. तिच्या आतड्यात असताना जिवाणूच्या पृष्ठभागावर ‘ऑस्प-ए’ हे प्रथिन असते व त्याच्या साहाय्याने तो आतड्याच्या अस्तराला धरून राहतो; मात्र गोचीड रक्त पिऊ लागली आणि उष्ण रक्त आत आले की ‘ऑस्प-ए’ची निर्मिती कमी होऊन ‘ऑस्प-सी’ हे दुसरे प्रथिन पृष्ठभागावर येते व त्यानंतर जिवाणू लाळग्रंथींमार्फत माणसाच्या त्वचेत उतरतो. या बदलास वेळ लागत असल्याने, गोचीड पहिल्या दिवसातच काढून टाकली तर लागण होण्याची शक्यता बरीच घटते.

ही प्रथिने मेदप्रथिने आहेत, म्हणजे त्यांच्या एका टोकाला मेदाम्लांची शेपटी जोडलेली असते व ती जिवाणूच्या पटलात रुतून बसते. मानवी महाभक्षी पेशींवर टोल-लाइक रिसेप्टर नावाचे ग्राही असतात आणि त्यांपैकी दुसरा व पहिला ग्राही जोडीने ही शेपटी ओळखतात. मेदाचा भाग काढून टाकलेले ‘ऑस्प-ए’ प्रयोगशाळेत पेशींपुढे ठेवले असता त्या जवळजवळ उत्तेजित होत नाहीत. सांध्यात पोहोचलेल्या जिवाणूची अशी ओळख पटताच पेशीच्या केंद्रकापर्यंत संदेश जातो आणि सायटोकाइन, म्हणजे पेशींनी परस्परांना दिलेल्या रासायनिक सूचना, मोठ्या प्रमाणात स्रवू लागतात. त्यांच्या हाकेने न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी सांध्यात लोटतात. निरोगी सांध्याच्या द्रवात एका घन मिलिमीटरला पांढऱ्या पेशी २०० हून कमी असतात, तर लाइम संधिवातात त्यांची सरासरी सुमारे २५,००० भरते. असा द्रव सुईने काढला तर तो गढूळ दिसतो. उपचार न झालेल्या रुग्णांपैकी सुमारे ६० टक्क्यांना असा संधिवात होत असल्याचे स्टीअर यांच्या अभ्यासातून दिसून आले.

बहुतेकांना प्रतिजैविकांनी बरे वाटते, परंतु काही थोड्या रुग्णांत जिवाणू मेल्यावरही दाह शिल्लक राहतो. २०१९ मध्ये संशोधकांना जिवाणूच्या भित्तीचे तुकडे अशा रुग्णांच्या सांध्यातील द्रवात आढळले, आणि काही विशिष्ट आनुवंशिक ठेवण असलेल्यांत हा दाह अधिक काळ टिकतो असेही दिसले. यावरून स्पष्ट होते की जिवाणूचे अवशेष आणि रुग्णाची स्वतःची प्रतिकारयंत्रणा, या दोहोंचा विचार केल्याशिवाय या आजाराचे उत्तर सापडणार नाही.

ज्या ‘ऑस्प-ए’मुळे दाह होतो, त्याच्यावरच लसही उभी राहिली. अमेरिकेत डिसेंबर १९९८ मध्ये मंजूर झालेल्या लाइमरिक्स या लशीमुळे माणसाच्या रक्तात तयार झालेली प्रतिद्रव्ये गोचिडीच्या आतड्यात पोहोचून जिवाणूला तेथेच मारत, आणि तीन मात्रांनंतर तिची परिणामकारकता ७६ टक्के आढळली होती. ‘ऑस्प-ए’चा एक भाग मानवी प्रथिनासारखा असल्याने लशीमुळेच संधिवात होईल, अशी शंका पसरली, तपासणीत तसा पुरावा मिळाला नाही, तरीही मागणी घटून २००२ मध्ये उत्पादकाने ती बाजारातून काढून घेतली. २०२२ पासून त्याच प्रथिनावर आधारलेल्या, शंकास्पद भाग वगळलेल्या नव्या लशीची चाचणी मोठ्या प्रमाणावर सुरू झाली. पहिल्या लशीच्या अनुभवातून दिसते की रेणूचा अभ्यास जितक्या काटेकोरपणे व्हावा, तितक्याच काटेकोरपणे त्याचे निष्कर्ष लोकांपर्यंत त्यांच्या भाषेत पोहोचले पाहिजेत. तसे झाले नाही, तर प्रयोगशाळेत सिद्ध झालेले संरक्षण मुलांच्या गुडघ्यांपर्यंत पोहोचत नाही.