गोड कॉफीचे कॉकटेल – दारूवाचून
(वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात मंडळात दिलेले भाषण)



मी काही भाषणे करणारी बाई नव्हे. शिक्षण म्हणाल तर सातवीपर्यंत. पण चिटणीसबाईंनी आग्रह केला की, गेल्या ३१ डिसेंबरला आपल्या गच्चीवर जे पेय केले होते ते सर्वांना नीट सांगा. म्हणून उभी राहिले आहे.

पेयाचे नाव ऐकून पुढच्या रांगेतल्या काकू हसल्या, ते मी पाहिले. कॉकटेल म्हटले की दारू, असेच आपण धरून चालतो. आणि मूळचे ते तसेच आहे. १९४० नंतरच्या दशकात आयर्लंडमधील फॉइन्स येथे समुद्री विमाने उतरत. तेथील आचारी जो शेरिडन याने थंडीने गारठलेल्या उतारूंसाठी गरम कॉफीत साखर आणि व्हिस्की घालून वर साय सोडली. तीच आयरिश कॉफी. पुढे १९८० नंतर लंडनमध्ये डिक ब्रॅडसेल याने कॉफी, व्होडका आणि गोड मद्य बर्फाबरोबर हलवून दुसरे एक पेय केले. आज मोठ्या शहरांतल्या हॉटेलांत ते मिळते, आणि मुले मोबाईलवर त्याची कृती पाहतात.

आमच्या मुलानेही ती पाहिली. तो मला म्हणाला, "आई, अगं एक चमचाच घालायची. आणि कॉफी असली की ती चढतच नाही." मी त्याला जवळ बसवले. कॉफीने फक्त झोप उडते. रक्तात गेलेली दारू एका थेंबाने कमी होत नाही. उलट आपल्याला चढलेली नाही असे वाटून माणूस आणखी पितो. हे मी मनाचे सांगत नाही. दोन्ही एकत्र करून डब्यांत विकणाऱ्या चार कंपन्यांना अमेरिकेच्या सरकारी खात्याने २०१० साली ताकीद दिली होती, ती याच काळजीपोटी.

पण माझे खरे कारण याहून जुने आहे. माझ्या लहानपणी पगाराच्या दिवशी आई मला घेऊन कारखान्याच्या फाटकाशी उभी राहत असे. वडील बाहेर पडले की माझ्या हातून त्यांच्याकडे पैसे मागवायची. कारण मुलीला ते नाही म्हणत नसत. कधी मिळत, कधी ते मागच्या दाराने निघून गेलेले असत. सातवीनंतर माझी शाळा सुटली, तीही त्यातच. वडील माणूस वाईट नव्हते. म्हणून तर मला त्या एका चमच्याची भीती वाटते.

मुलाला मी एवढेच म्हणाले, "पेय तेच करू, पण माझ्या हातचे आणि दारूवाचून. बेचव लागले तर बोल." आता कृती सांगते. ही सहा लहान पेल्यांची आहे.

साडेतीन वाट्या पाणी उकळून गॅस बंद करावा. त्यात आठ पोह्याचे चमचे कॉफीची पूड घालून पाच मिनिटे झाकून ठेवावे. पूड पाण्याबरोबर खळखळून उकळू नये, कडवट होते. मग पातळ फडक्यातून गाळून घ्यावे. पूड घेताना पाकिटावर चिकरीचे प्रमाण वाचावे. चिकरी म्हणजे एका झाडाचे भाजलेले मूळ. त्याने रंग गडद येतो, पण कॉफीचा वास त्यात नसतो. या पेयाला कमी चिकरीची पूड बरी.

अर्धी वाटी चिरलेला गूळ आणि अर्धी वाटी पाणी उकळून, गाळून, गार करावे. कॉफी आणि हा पाक दोन्ही फ्रिजमध्ये अगदी थंड करावीत. कॉफी कोमट राहिली तर बर्फ वितळून पेय पाणचट होते. शिवाय गरम कॉफी बंद बरणीत हलवली तर झाकण उडून हात भाजेल, हे मुलींनी ध्यानात ठेवावे.

घट्ट झाकणाच्या स्टीलच्या बरणीत एक वाटी कॉफी, पाव वाटी पाक आणि पाच-सहा बर्फाचे खडे घालून वीस आकडे मोजेपर्यंत जोराने हलवावे. गुळाच्या पाकाने कॉफी दाटसर होते, म्हणून फेस धरून राहतो. हे दोन पेल्यांचे झाले. असे तीनदा करावे.

आता साय. घरची ताजी, थंड साय गाळण्यातून दाबून काढावी, म्हणजे गुठळ्या राहत नाहीत. ती रवीने जराशीच घुसळावी. चमच्यावरून जाडसर ओघळली की थांबावे, नाहीतर लोणी येईल! चमचा उलटा धरून त्याच्या पाठीवरून साय हलकेच पेल्यात सोडावी. गोड कॉफी जड आणि साय हलकी, म्हणून ती वर तरंगते. बिनसाखरेच्या कॉफीत ती तितकी नीट तरंगत नाही.

वर सहाणेवर उगाळलेल्या जायफळाचे बोट. आपल्या घरांतून कॉफीत जायफळ पूर्वीपासून घालतात. पण ते बेताने, जास्त झाले तर बाधते. शेवटी संत्र्याच्या सालीचा तुकडा पेल्यावर धरून दुमडावा. सालीतले तेल उडते आणि वास असा सुटतो की विचारू नका. डिसेंबरात नागपूरची संत्री मिळतातच. रस मात्र घालू नये, साय फाटते.

पथ्याचेही सांगते. लहान मुलांना हे देऊ नये. गरोदर बायकांनी कॉफी बेतानेच घ्यावी. मधुमेह असणाऱ्यांनी दुरूनच वास घ्यावा, कारण एका पेल्यात दोन-तीन चमचे गूळ जातो. आणि जेवणाच्या आधी व नंतर तासभर चहा-कॉफी नको. अन्नातले लोह त्याने अंगी लागत नाही, असे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आपल्या पुस्तिकेत सांगितले आहे. आपल्या बायकांना रक्त कमी असते, तेव्हा हे आपल्यासाठीच आहे.

त्या रात्री गच्चीवर काय झाले, तेवढे सांगून पुरे करते. एरवी पुरुष एका कोपऱ्यात पेले घेऊन बसतात आणि आपण खाली भजी तळत असतो. या पेयाची सारी तयारी दुपारीच होते, म्हणून आम्ही बायकाही वर जाऊन बसलो. आमच्या सासूबाईंनी दुसरा पेला मागितला. आमच्या मुलाने स्वतः बरणी हलवून आपल्या मित्रांना दिले, आणि 'यात काय घातले आहे' असे कुणी विचारले की "जायफळ" असे सांगत होता. शेजारच्या एक वहिनी बराच वेळ पेला नुसता हातात धरून होत्या. मग हळूच म्हणाल्या, "आमच्या घरी पेला माझ्या हाती कधी येतच नाही, मी फक्त विसळते." यावर मी काय बोलणार? मी त्यांच्या पेल्यात आणखी थोडी साय सोडली.

भगिनींनो, एका पेयाने कुणाची दारू सुटते, असे मी म्हणणार नाही. ते मला घरच्या अनुभवावरून ठाऊक आहे. पण मुलांना नको म्हणताना त्यांच्या हाती दुसरे काही चांगले द्यावे, आणि ते सर्वांनी मिळून, एकाच पंक्तीत बसून प्यावे, एवढे आपल्या हातात आहे. पुढच्या हळदीकुंकवाला मंडळात हे करायचे ठरले, तर गूळ आणि कॉफी माझ्याकडून. साय मात्र प्रत्येकीने घरून आणावी!