स्वयंपाकघराची काळी-पांढरी भिंत



भिंतीवर कसले व्याख्यान, असे कुणी म्हणेल. पण ज्या भिंतीकडे तोंड करून घरातील बाईचा निम्मा दिवस जातो, तीच सर्वांत काळोखी का असावी? गॅस आला, काजळी गेली; भिंत मात्र तशीच कोंदट राहिली.

काळे-पांढरे म्हणजे दरिद्री, हा समज आम्हांस मान्य नाही. झारखंडात हजारीबागकडील बायका लग्नप्रसंगी मातीच्या भिंतीवर खोवर चित्रे काढतात. आधी काळी माती सारवायची, वर पांढऱ्या मातीचा थर द्यायचा आणि तो ओला असतानाच कंगव्याच्या तुकड्याने खरवडायचा. खालचा काळा रंग रेघ होऊन वर येतो. मोर, हत्ती, वेली! खर्च काय तो मातीचा. २०२० साली या कलेस भौगोलिक मानांकनही मिळाले.

आठ फुटी स्वयंपाकघरातही पांढऱ्याचा पसारा आणि काळ्याची रेघ, हेच प्रमाण हवे. उलट केलेत तर दिवसाही दिवा लावावा लागेल. ओट्यामागे हातभर उंचीचा नक्षीपट्टा पुरे. तो धुता यावा म्हणून तेलरंगात काढावा. मात्र ताज्या चुन्यावर तेलरंग टिकत नाही. आणि नक्षी रंगाऱ्याने ठरवू नये. जी तिथे उभी राहते तिला विचारावे.